दिवा तर लागला होता

व्हिडिओ पावणेतीन मिनिटांचा आहे. त्यात आई वाल सोलते आहे. मोड आलेले कडवे वाल स्टीलच्या पातेल्यात, सालं शेजारच्या वर्तमानपत्रावर. अंगठा आणि तर्जनी जराशी दाबली की दाणा बुळकन बाहेर येतो. अंगावर घरातला फिकट निळा गाऊन, त्यावर चुरगळलेली ओढणी. कवळी वाटीत काढून ठेवलेली, त्यामुळे ‘स’चा ‘श’ होतोय. आणि ती हसतेय, तोंडावर हात न नेता. गेल्या वीस वर्षांत कुठल्याही कॅमेऱ्यासमोर ती अशी हसलेली मला आठवत नाही. कोणी फोन वर धरला की आधी ओढणी, मग केसांवरून हात, मग ओठ घट्ट मिटून पासपोर्टच्या फोटोतला चेहरा, हा तिचा ठरलेला क्रम. इथे तसं काहीच नाही, कारण आपलं शूटिंग चाललंय हे तिला माहीतच नाही. समोर नातू बसलाय, हात मांडीवर, आजीचं ऐकतोय, एवढंच तिला दिसत होतं. कॅमेरा त्याच्या चष्म्यात होता.

नातू म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, बंटी. ऐरोलीला नोकरी करतो, महिन्यातून एखाद्या रविवारी मुलुंडला आमच्याकडे जेवायला येतो. जेवून गेला आणि संध्याकाळी गाडीत बसल्या बसल्या त्यानं तो व्हिडिओ ‘गिरगावकर’ ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत बदाम पडायला लागले. मी स्वतः पहिला टाकला, हे आधी कबूल करते. आवाज बंद होता माझा. मी नुसती आई बघितली आणि डोळे भरून आले.

आवाज लावला तो रात्री.

आई थोरल्या काकूची गोष्ट सांगत होती. साठ-बासष्ट सालानंतरची, गिरगावातल्या दोन खोल्यांतली. काकू एक बुधवार सोडून एक बुधवार दुपारी दाढ दुखते म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जायची. डॉक्टरबिक्टर काही नाही. सेंट्रल थिएटरला मॅटिनी बघायची, एकटी. परत येताना जिन्यात लवंग चावायची, म्हणजे तोंडाला औषधाचा वास. पदर गालाला लावून घरात शिरायची. आजी विचारायची, फार ठणकतेय का गं, आणि माझी आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, रात्रभर झोपल्या नाहीत हो वहिनी. इथवर सगळं हसण्यासारखं. पण दोन मिनिटं उलटल्यावर आईचा आवाज खाली येतो. एका बुधवारी काकू आली ती थेट मोरीत जाऊन रडली. नळ सोडून रडली. ‘मी काही विचारलं नाही,’ आई म्हणते, आणि पुढचा वाल उचलते.

काकू आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे. डोंबिवलीला थोरल्या मुलाकडे असते, रोज सकाळी पोथी वाचते. काका जाऊन पंधरा वर्षं झाली. तिची तिन्ही मुलं, सुना, नातवंडं त्याच ग्रुपवर आहेत. ‘आई, तू आणि मॅटिनी?’ ‘आजी रॉक्स’ वगैरे सुरू झालं. मग कुणीतरी विचारलं, पण रडलीस का गं? मंगळवारी काकूचा फोन आला. आईला दे म्हणाली नाही. माझ्याशीच बोलली. ‘सगळे हसले गं,’ एवढंच म्हणाली, आणि जरा थांबून, ‘ते माझं होतं.’

मी बंटीला झापलं. तो खरोखर दुखावला. ‘अगं मावशी, पण दिवा लागला होता की!’

पुढच्या खेपेला त्यानं मला तो दिवा दाखवला. चष्म्याची काडी फ्रेमला मिळते तिथे, एका कोपऱ्यात कॅमेरा आणि दुसऱ्या कोपऱ्यात साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका. शूटिंग चालू झालं की तो पेटतो. त्यावर मी बोट ठेवलं तर चष्मा शूट करायलाच तयार होईना, दिवा मोकळा करा म्हणाला. ‘बघितलंस? फसवता येत नाही.’ बंटीच्या आवाजात अभिमान होता, जणू चष्म्याचे संस्कारच काढले होते मी. मी आईला विचारलं, तुला दिवा दिसला होता का? तिची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली. ‘चमकत होतं खरं काहीतरी. मला वाटलं खिडकीतलं ऊन. हल्ली सगळंच चमकतं मला.’

दिवा लागला होता, हे खरंच. आता यात खोटं कोण?

मुंबईच्या माणसाला स्टेशनवरच्या इंडिकेटरवर किती भरवसा ठेवायचा हे कुणी शिकवावं लागत नाही. आमची आख्खी नोकरी इंडिकेटरकडे माना वर करून गेली. इंडिकेटर ठाणे स्लो दाखवतो आणि समोर कल्याण फास्ट येऊन उभी राहते, दोन मिनिटं दाखवतो आणि दहा मिनिटं दोनच दाखवत राहतो. तरी आपण बघतो, कारण दुसरं काय बघणार. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर एक दृष्टिहीन सहकारी होते. ते दादरला उतरून गाडी बदलायचे, आणि रोज कुणा ना कुणाला विचारायचे, इंडिकेटरवर काय लागलंय हो? लोक सांगायचे, कधी चुकीचंही सांगायचे. निवृत्तीनंतर त्यांच्या लेकीनं त्यांना असाच एक चष्मा आणून दिलाय. समोरची पाटी काय म्हणते, हातातलं पाकीट कशाचं आहे, ते तो कानात सांगतो. परवा फोनवर म्हणाले, बाई, चाळीस वर्षांनी कुणाला न विचारता औषधाची बाटली वाचली. त्यांच्याशी बोलून फोन ठेवला तेव्हा माझा बंटीवरचा राग अर्धा झाला होता. उरलेला अर्धा कुणावर ठेवायचा ते मात्र कळेना.

गिरगावात आमच्या आजोबांचा एक इंडिकेटर होता. ते खाकरायचे. घसा साफ असला तरी. गॅलरीतून आतल्या खोलीकडे वळायच्या आधी, उंबऱ्याच्या दोन पावलं अलीकडे, एक ठराविक खाकरणं. आत कुणी बाळाला पाजत असेल, कुणी न्हाऊन केस पुसत असेल, कुणी नुसतंच पाय पसरून बसलं असेल, तर सावरायला तेवढा वेळ. खाकरणं पुरुषांचं काम. बायकांना बांगड्या असायच्याच, त्या आधीच वर्दी द्यायच्या. लहानपणी मला वाटायचं, आजोबांना खोकल्याचा आजार आहे. पण त्या खाकरण्यातली खरी गोष्ट मला आत्ता, या वयात, एका चष्म्यामुळे दिसली. आजोबा खाकरायचे आणि थांबायचे. आतून ‘या’ किंवा ‘जरा थांबा’ असं काहीतरी यायचं, किंवा नुसती घाईघाईची हालचाल ऐकू यायची, आणि ती निवेपर्यंत ते बाहेर उभे असायचे. बंटीचा दिवा खाकरतो आणि त्याच क्षणी आत आलेला असतो.

रात्री झोप येत नाही तेव्हा मी वाचत बसते. बँकेतली सवय, आकडा जुळेपर्यंत सोडायचं नाही. तर हा दिव्याचा घोळ काही नवा नाही. गूगलनं २०१२ मध्ये ‘ग्लास’ नावाचा कॅमेरावाला चष्मा दाखवला, पुढच्या वर्षी पंधराशे डॉलरला हौशी लोकांच्या हातात दिला. त्याला शूटिंगचा वेगळा दिवाच नव्हता, डोळ्यासमोरचा चिमुकला पडदा उजळला तर समोरच्यानं काय ते समजून घ्यायचं. अमेरिकेतल्या लोकांनी तो घालणाऱ्यांसाठी एक शिवीच तयार केली, आणि जानेवारी २०१५ मध्ये सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. त्यातून धडा घेऊन म्हणा, पण २०१६ मध्ये स्नॅपचॅटवाल्यांनी जो चष्मा काढला त्यात कॅमेऱ्याभोवती दिव्यांचं गोल कडंच फिरायचं. जत्रेतल्या पाळण्यासारखं, लपवायचा प्रश्नच नाही. मग फॅशन आली, आणि चष्मा चष्म्यासारखाच दिसला पाहिजे असं ठरलं. २०२१ मध्ये फेसबुक आणि रे-बॅननं मिळून चष्मा आणला, तेव्हा आयर्लंड आणि इटलीतल्या डेटा-संरक्षण यंत्रणांनी अगदी माझ्या आईचाच प्रश्न विचारला: एवढासा दिवा समोरच्याला कळतो याचा पुरावा काय? दोन वर्षांनी आलेल्या नव्या चष्म्यात दिवा मोठा झाला. साबुदाणा झाला तो मोठा होऊन. आधी मोहरी असणार.

आणि ‘फसवता येत नाही’ म्हणावं, तर २०२५ मध्ये बातमी होती की अमेरिकेत एक हौशी कारागीर साठ डॉलर घेऊन अशा चष्म्यातला दिवा कायमचा गप्प करून देतो. चष्म्याला कळतच नाही की आपला दिवा गेलाय. त्याच्याही कितीतरी आधी, २०१३ मध्ये, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की जुन्या मॅकबुक लॅपटॉपवरचा कॅमेरा शेजारचा हिरवा दिवा न पेटवता चालू करता येतो. जपानमध्ये फोनवरच्या फोटोला ‘खचक’ असा आवाज येतोच, तो बंद करता येत नाही. कंपन्यांनीच आपसात ठरवून ठेवलंय. दक्षिण कोरियात तर २००४ पासून त्या आवाजाची पट्टी ठरलेली आहे, साठ ते अडुसष्ट डेसिबल. म्हणजे आजोबांचं खाकरणंच. मोजून मापून.

हे सगळं वाचल्याचा परिणाम असा झाला की गेला महिनाभर मी लोकलमध्ये लोकांच्या चष्म्यांचे कोपरे बघत बसते. लेडीज डबा ही काय चीज आहे हे न जाणाऱ्याला सांगून कळत नाही. मुलुंड ते भायखळा या पाऊण तासात बायका मेथी निवडतात, मटार सोलतात, साडीची पिन सुटली तर अनोळखी बाईला पाठ देऊन ‘लाव गं जरा’ म्हणतात. कुणी नवऱ्याशी भांडून आलेली खिडकीकडे तोंड करून रडत असते आणि आजूबाजूच्या सातजणी ठरवून तिच्याकडे बघत नाहीत. तिथे पडदा नाही, दार नाही, तरी एक आडोसा असतो, सगळ्यांनी मिळून धरलेला. परवा समोर एक मुलगी बसली, जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, आणि कोपऱ्यात काहीतरी चमकत होतं. मी विक्रोळीपासून तिच्या त्या कोपऱ्याकडे टक लावून. ती हलली की मी हलायची. कुर्ल्याला तिनं चष्मा काढून पुसला, तेव्हा दिसलं, स्क्रू होता. नवा बसवलेला असणार. पुसता पुसता तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी मान खाली घातली. डब्यात कुणाला कुणाचा त्रास होत होता, याचा हिशेब केला तर तो माझ्याच नावावर निघतो. दिवा न दिसणं म्हणजे शूटिंग नाही, असं एकदा मनातून गेलं की संपलं. मग प्रत्येक चष्मा संशयित.

चाळीत तरी कुठे होती प्रायव्हसी, असं मला बंटी म्हणाला. मुद्दा अगदीच चुकीचा नाही. दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. दारं दिवसभर उघडी. संडास गॅलरीच्या टोकाला, तिकडे बादली घेऊन जाणारा माणूस म्हणजे सार्वजनिक घटना. कुणाच्या घरी आज पिठलं आणि कुणाच्या घरी सुरमई, हे वासावरून चार बिऱ्हाडांना कळायचं. नव्या नवरीची चेष्टा सकाळी नळावर व्हायची. पण चाळीला सगळं दिसायचं तसं विसरताही यायचं. तिला आठवायचं तेही चुकीचं, वाढवलेलं, एकाचं दुसऱ्याच्या नावावर घातलेलं. त्यामुळे ज्याच्यावर बेतायचं त्याला ‘छे हो, मी कुठली’ म्हणायला जागा राहायची. काकूच्या मॅटिनीची कुणकुण समोरच्या बिऱ्हाडात नक्की होती. दर पंधरा दिवसांनी दुखणारी दाढ कुणी तरी मोजली असणारच. पण आजीच्या कानावर ते कधी गेलं नाही. वडील क्लिक थ्री कॅमेऱ्यात रोल घालायचे, बारा फोटोंचा. त्या बारांत यायला सगळे पावडर लावून, भांग पाडून उभे. तेराव्या क्षणी मोरीत काय होतं ते फक्त आईला माहीत होतं.

कायद्याचंही बघितलं मी, उगाच. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं. पुट्टस्वामी खटला. तो दाखल करणारे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी तेव्हा नव्वदी पार केलेले होते, माझ्या काकूपेक्षा मोठे, हे वाचून मला का कोण जाणे बरं वाटलं. २०२३ मध्ये वैयक्तिक डेटाचा कायदाही झाला. पण त्यात एक वाक्य आहे: माणसानं स्वतःच्या खासगी किंवा घरगुती कारणासाठी काही केलं, तर हा कायदा लागू नाही. बरोबरच आहे म्हणा, नाहीतर बारशाचे फोटो काढायला वकील लागेल. म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं आमच्याकडे काही घडलंच नाही. आई, नातू, वाल. घरगुती कारण. आणि दिवा समजा मशालीएवढा असता, तरी तो आईच्या तोंडावर पडला असता. काकू डोंबिवलीला होती.

शेवटी मी आईला व्हिडिओ दाखवला. टाळत होते, पण तिला कुणीतरी फोनवर सांगितलंच होतं. तिनं पहिल्यांदा गाऊन बघितला. ‘अगं बाई, या अवतारात?’ मग कवळी. मग बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्यांदा लावायला सांगितला. ‘ह्यात बंटी कुठाय?’

म्हटलं, तो दिसणार नाही, त्याच्या डोळ्यांच्या जागेवरून घेतलंय ना.

‘मग मी बोलतेय कुणाशी?’

मी पुन्हा बघितला, या प्रश्नासकट. आणि मला तो आधीचा व्हिडिओ पुन्हा दिसेना. एक म्हातारी रिकाम्या जागेकडे बघून हसतेय, विश्वासानं काहीतरी सांगतेय. बंटीनं ग्रुपवरून तो केव्हाच काढून टाकला होता. मला म्हणाला, तूही डिलीट कर. मी हो म्हटलं. केलेला नाही. आईचं असं हसू माझ्याकडे दुसरं नाही, आणि तिची ऐंशी उलटून गेलीय. चोरीचा माल आहे हे माहीत असूनही दागिना घरात ठेवणाऱ्या बाईसारखी मी आहे, रात्री काढून बघते, आवाज बंद करून.

बंटीला आता आई म्हणते, चष्मा काढून बस. वाटतं तितकं सोपं नाही ते. त्यात त्याचा नंबर आहे, उणे साडेचार. काढला की त्याला समोरचा माणूस म्हणजे धुकं. गेल्या रविवारी तो काढून बसला, डोळे बारीक करून, पाटावर अगदी आजीच्या गुडघ्याला गुडघा लावून, कारण त्याशिवाय तिचा चेहरा दिसेना. आईनं तो चष्मा ओढणीच्या टोकानं पुसून डब्यावर ठेवला, उलटा, काचा भिंतीकडे करून.

काकूला मधल्या चुलतभावानं परवा गाडी करून आणलं. तीच म्हणाली होती, मुलुंडला ने. जिना चढताना तिला तीनदा थांबावं लागलं. आल्या आल्या तिनं कुणाकडे बघितलं नाही, आईचा हात धरला आणि दोघी आतल्या खोलीत गेल्या. दार लोटल्याचा आवाज आला. त्या दाराला आम्ही कधी हात लावत नाही, पावसानं फुगलंय, पण काकूनं ते खांद्यानं ढकलून पुरतं बसवलं. बाहेर भाऊ पेपर चाळत होता, बंटी फोनमध्ये. मी चहा टाकला, आलं जरा जास्त घातलं, काकूला लागतं. ट्रे घेऊन दारापाशी गेले तर आतून कुजबुज येत होती. आईची कमी, काकूची जास्त. एकच शब्द कळला, कुणाचं तरी नाव असावं. मला खाकरता येत नाही, आणि हातात घड्याळाशिवाय काही नसतं. मी ट्रे जरासा हलवला. कपबश्या वाजल्या.

कुजबुज थांबली.

‘कोण?’ काकू.

‘मी आहे. चहा आणलाय.’

आत दोघींचं काहीतरी ठरलं असावं. मग काकूचाच आवाज आला, ‘बाहेरच ठेव गं.’

मी ट्रे शिवणाच्या मशीनवर ठेवला आणि कपांवर बश्या झाकल्या.